पंचवीस पोरांचं पाळणाघर

आमच्या खात्यात दर वर्षी दोन गोष्टी हमखास वाढायच्या. एक म्हणजे वरून येणारी परिपत्रकं आणि दुसरी म्हणजे त्या परिपत्रकांचे किस्से. परिपत्रकं मी वेळच्या वेळी फायलीला लावली. किस्से मात्र लावायचे राहूनच गेले. त्यामुळं आम्ही जुन्या पाळणाघरवाल्या बायका कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगतीत पहिला घास तोंडात जायच्या आत एकजण म्हणतेच, "ए, तो गाईचा सांग ना!" मग वाढपी दोनदा येऊन जातो तरी आमची पानं तशीच!

तर ऐका. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला सरकारी मदतीवर चालणारं एक पाळणाघर होतं आणि मी तिथली बाई. मजुरीला जाणाऱ्या आयांची सहा वर्षांखालची पोरं सकाळी सातला यायची, संध्याकाळी पाचला जायची. फी नाही, दुपारची खिचडी फुकट. मदतीला हलिमाचाची. तिच्या घरचं बांगड्यांचं दुकान होतं, पण तिला गिऱ्हाइकांपेक्षा पोरांत बसायला आवडायचं. मी तोंडानं फटकळ, आणि चाची माझ्याहून फटकळ. त्यामुळं आमचं दोघींचं झकास जमायचं.

इतकं साधं होतं सगळं. पण साधं चाललेलं काही वरच्यांना बघवत नाही हो! दर वर्षी नियम बदलायचा आणि दर बदलाला आमची चार-दोन पोरं दाराबाहेर जायची. ती आम्ही परत आत कशी घेतली, त्याचेच हे किस्से. बढाई वाटली तर वाटू दे. केलंय तर सांगणारच!

* * *

पाळणाघर नवीन होतं तेव्हाची गोष्ट. द्रुपदा नावाची एक पोरसवदा बाई दाराशी आली. नवरा दूर कुठंतरी कामाला, घरी म्हातारा सासरा. कडेवर जेमतेम चालायला लागलेली चिमी. द्रुपदा खुरपायला जायची तेव्हा जुन्या लुगड्याची पट्टी चिमीच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक बांधावरच्या बाभळीला. पोर विहिरीकडं जाऊ नये म्हणून. दिवसभर त्या पट्टीच्या लांबीएवढंच चिमीचं रान.

मी नाव लिहून घेतलं, म्हटलं, "जा आता निर्धास्त कामाला." आत जाऊन खिचडीचे तांदूळ काढले आणि बाहेर येऊन बघते तर काय, चिमी आमच्या दाराच्या खांबाला बांधलेली!

धावत गेले, वाटेत द्रुपदाला गाठली. "अगं, सोड तिला आधी!"

ती बिचारी गोंधळली. "बाई, सोडली तर कुटंतरी जाईल की वो!"

"जाऊ दे. तिच्या मागं जायलाच तर आम्हाला सरकारनं ठेवलंय!"

द्रुपदानं परत येऊन गाठ सोडली. पट्टी मात्र आठ दिवस कमरेला खोचून ठेवली होती. नवव्या दिवशी चाचीनं ती मागून घेतली आणि तिचं फडकं केलं.

* * *

आता गाईचा.

दोनेक वर्षांनी परिपत्रक आलं की यापुढं फक्त तीन वर्षांवरची मुलं घ्यायची, आणि तीही जन्मतारखेचा पुरावा असेल तरच. एका सहीनं तान्ही सगळी बाहेर! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चाचीनं मात्र आरडाओरडा केला नाही. त्यातली काही तान्ही ती गुपचूप आपल्या घरी सांभाळायला लागली.

चिमी तीन वर्षांची झाली होती, पण अंगानं इतकी बारीक की कुणीही दोनचीच म्हणावी. जन्म घरातला, नोंद कुठंच नाही. मी द्रुपदाला विचारलं, "तारीख आठवते का?"

"तारीख कुटली आटवायची? आमची चंद्री व्याली ना, त्याच सकाळी झाली बगा."

चंद्री म्हणजे गाय. द्रुपदाचे सासरे बिरूआबा. त्यांनी मेंढरं विकून ही संकरित गाय घेतली होती. अशा गाईचं गुरांच्या दवाखान्यात कार्ड असायचं. भरवली कधी, व्याली कधी, कालवड झाली की खोंड, सगळं शाईनं लिहिलेलं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी, आबा आणि चंद्रीचं कार्ड असे तिघं थेट गुरांच्या डॉक्टरांकडं! डॉक्टरांना तो दिवस चांगला आठवत होता. गोठ्यात ते होते आणि भिंतीपलीकडं सुईण. त्यांनी तिथल्या तिथं पत्र लिहून दिलं.

तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनानं ते मोठ्यानं वाचलं. "सदर गाय व्याली त्याच सकाळी लगतच्या खोलीत सदर मुलीचा जन्म झाला. दोन्ही बाळंतिणींची प्रकृती उत्तम होती."

कारकून हसून हसून खुर्चीतून घसरायचा बाकी राहिला. आबांना काही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. ते कारकुनाला म्हणाले, "हसतोस काय लेकरा? दूध बी दोगींना चांगलं व्हतं!"

नाव लागलं. आमच्या रजिस्टरात चिमीच्या पुढं पुराव्याच्या रकान्यात अजून लिहिलेलं असेल, 'गुरांचा दवाखाना'.

* * *

मग वेळेचं परिपत्रक आलं. केंद्र सकाळी अकरा ते तीन! आता रानातली बाई सातला घर सोडते. ती पोराला अकरापर्यंत काय खिशात ठेवणार? पण लिहिणाऱ्याचं ऑफिस अकराला उघडत असणार, त्याला वाटलं सगळं जगच अकराला उठतं.

चाची म्हणाली, "सरकारची वेळ अकराची आसंल. माझी न्हाय." आणि तिनं सकाळी सातपासून आपल्या घराची पडवी उघडली.

कुणीतरी चुगली केली. एक दिवस साडेआठलाच तपासणीचे साहेब चाचीच्या दारात! हे साहेब उंच, सफारी घालणारे, बोलायला कडक. पण लबाड नव्हते, हे आधीच सांगते. पडवीत वीस-बावीस पोरं गोल करून बसलेली.

"हे काय? नियमाबाहेर केंद्र चालवता?"

चाची चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "केंद्र? कुटाय केंद्र? ही माझी पडवी हाय, सायेब. पावणे आल्यात."

"एवढे पाहुणे?"

"माहेर लई मोटं हाय माझं!"

साहेबांनी एका पोराला नाव विचारलं. ते म्हणालं, "सोपान." दुसऱ्याला विचारलं. ते म्हणालं, "ज्ञानू." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हलिमाबी, हे तुमच्या माहेरचे?"

"व्हय तर! हीच निमगाव केतकी माझं माहेर. हितंच जन्मले, हितंच दिली."

साहेबांनी चहा घेतला आणि काही न लिहिता गेले. वर्षभरानं वेळ पुन्हा सकाळची झाली. कुणी केली, का केली, आम्हाला कुणी कळवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

* * *

महिन्यातून एकदा बारामतीला मीटिंग असायची. तिथं सगळ्या गावच्या बाया एसटीनं यायच्या. तिथलीच ही गोष्ट. त्या वर्षी खिचडी बंद करून वरून पौष्टिक पिठाची पाकिटं येऊ लागली होती. पाण्यात कालवायचं आणि द्यायचं. पोरं एक घास घ्यायची आणि थुंकायची. खिचडी गेली तशी दुपारची हजेरीही गेली. सगळ्या केंद्रांचे आकडे पडले. सांगवीच्या कुसुमचा मात्र वाढलेला!

साहेबांना संशय आला. भर मीटिंगमध्ये तिला उभं केलं. "तुमच्याकडंच कशी हजेरी वाढली? मुलांना खायला काय देता?"

कुसुम शांतपणे पिशवीतून डबा काढून म्हणाली, "खाऊन बघा की."

लाडू होते. साहेबांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा हातात धरूनच म्हणाले, "बाई, छान आहे, पण हे बाहेरचं अन्न चालणार नाही. मुलांना आपण पाठवतो तोच आहार द्यायचा."

"तोच हाय साहेब. तुम्ही पाठवता तेच पीठ. नुसतं पाण्यात न कालवता आधी खमंग भाजलंय, गूळ घातलाय आणि प्रेमानं वळलंय!"

सगळ्या हॉलमध्ये टाळ्या! साहेबांनी तिसरा लाडू खायचा की ठेवायचा, याचा थोडा विचार केला आणि खाल्ला.

* * *

लोणी भापकरच्या विमलचा किस्सा तर सगळ्यात आखूड. नियम निघाला की रजिस्टरात प्रत्येक मुलाचा फोटो हवा. गावात कुणाचे फोटो असणार? मग तिनं बारामतीहून एक फोटोवाला बोलावला. त्यानं स्टुडिओतला कोट आणि टाय बरोबर आणला होता. पोरांना हौस, आयांना त्याहून हौस!

रजिस्टर तपासायला गेलं. साहेब पानं उलटतायत, उलटतायत आणि कपाळाला आठ्या. "विमलबाई, ही सगळी मजुरांची मुलं म्हणता. मग प्रत्येकाच्या अंगावर कोट कसा?"

"साहेब, नीट बघा," विमल म्हणाली. "कोट एकच हाय. पोरं वेगवेगळी हायेत!"

* * *

पण आमच्या द्रुपदानं केलं ते कुणाच्या बापाला सुचलं नसतं.

परिपत्रक असं की आई मजुरी करते याबद्दल मालकाचा सही केलेला दाखला हवा, नाहीतर मूल बाद. आमच्या बाया मालकांच्या दारोदार फिरल्या. एकानंही सही केली नाही. "आज सही केली की उद्या काहीतरी गळ्यात पडायचं," हेच उत्तर. अकरा पोरांची नावं जायची वेळ आली. त्यात चिमीही आलीच.

आता त्या अकरा घरांची अर्धा एकर, पाऊण एकर अशी जिरायत तुकडे-तुकडे जमीन होती. मजुरी नसेल त्या दिवशी या बाया सावड करायच्या. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून हिचं रान खुरपायचं, उद्या तिचं. द्रुपदा म्हणाली, "बाई, मी सखूच्या रानात राबते, तर सखू माझी मालक की न्हाय?"

मी त्याच पावली कोरे कागद काढले आणि एकीला दुसरीची मालक लिहीत गेले.

अकरा दाखले तयार झाले. अंगठे उठले. अकरा बाया, मी आणि चाची साहेबांच्या टेबलापुढं उभ्या. साहेबांनी कागद पसरले, इकडचा तिकडं केला, तिकडचा इकडं. "द्रुपदाची मालक सखू. सखूची मालक मंगल. मंगलची मालक पुन्हा द्रुपदा. अहो, यात मजूर कोण?"

"आमी समद्या," द्रुपदा म्हणाली.

"आणि मालक?"

"त्या बी आमीच. सोमवारी ती मालकीण, मंगळवारी मी!"

साहेब म्हणाले, "नियमात हे बसत नाही." चाची पुढं झाली. "नियमात मालकाची सही पायजे म्हणून लिवलंय. मालकानं खुरपं धरू नये म्हणून कुटं लिवलंय? दावा." साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं. नव्हतं लिहिलेलं! त्यांनी अकराच्या अकरा दाखले मंजूर केले. मग पेनाला टोपण लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यात मालक-मजूर म्हणून भांडणं होत नाहीत?"

"व्हत्यात की!" द्रुपदा म्हणाली. "पर मालक रोज बदलतुया. रुसायचं कुणावर?"

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे हसले. आम्ही बाहेर आलो तेव्हा मला इतका अभिमान वाटत होता, की मी अकराहीजणींना उसाचा रस पाजला.

* * *

आता शेवटचा.

नवा नियम आला. तपासणीच्या दिवशी पंचवीस मुलं प्रत्यक्ष हजर पाहिजेत. एक जरी कमी, तर केंद्र बंद. सबब चालणार नाही. तोवर द्रुपदाला एका पानमळ्यात बारमाही काम लागलं होतं. मालकाची अट एकच होती, पोर घेऊन यायचं नाही. पाळणाघर गेलं असतं तर तिचं काम त्याच आठवड्यात गेलं असतं. अशा कितीतरी द्रुपदा होत्या.

आमच्या रजिस्टरात नावं अठ्ठावीस. दोन पोरं आजोळी गेलेली, एकाला गोवर. राहिली बरोब्बर पंचवीस. आणि साहेब आले ते नेमके बाजाराच्या दिवशी! बाजाराच्या दिवशी आमच्या गावची बाई मजुरीला जात नाही. वांगी, पेरू, कोंबडीची अंडी, जे असेल ते घेऊन बाजारात बसते आणि पोर तिच्या शेजारी. साहेब आत आले तेव्हा पाळणाघरात तीन पोरं होती.

"बाई, तीन," एवढंच म्हणून त्यांनी पेन काढलं.

मी आडवी उभी राहिले. "साहेब, सगळी गावातच आहेत. मला अर्धा तास द्या आणि माझ्याबरोबर चला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "चला. पण मी माझ्या डोळ्यांनी मोजणार. एक कमी भरलं तरी बंद लिहीन."

"लिहा," मी म्हटलं. मागं हटायचा माझा स्वभावच नाही.

त्या तिघांना घेऊन आम्ही बाजारात शिरलो. मी पुढं नावं पुकारत, मध्ये साहेब, मागं चाची पोरं गोळा करत. एक कांद्याच्या पोत्याआड सापडलं, एक हातगाडीखाली झोपलेलं. सोपान जिलबीवाल्यापुढं तोंड उघडं टाकून उभा होता. चिमी गर्दीला घाबरून रडत होती. द्रुपदाच्या दोन्ही हातांत तागडी, म्हणून पोरीनं समोर दिसला तो पाय धरला. तो होता साहेबांचा. साहेबांनी "अरे, अरे" करत तिला उचललं आणि आम्ही पुढं सरकलो. ज्ञानूला तर बेदाण्याच्या ढिगावरून ओढून काढावं लागलं. त्याच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या!

बाजाराच्या मधोमध सगळी जमवली आणि साहेब मोजायला लागले. पण पोरं ती! एक इकडं पळतंय, एक तिकडं. पहिल्यांदा भरली बावीस. दुसऱ्यांदा सव्वीस! बघतो तर दोन पोरं भलत्याच गावची. चाचीनं त्यांना बाजूला काढलं. साहेबांना घाम फुटला.

तेवढ्यात बिरूआबा काठी टेकत पुढं आले. "सायेब, आसं न्हाय मोजत. जन्मभर मेंढरं मोजली म्या. वाट आरुंद करायची आन् एकेक सोडायचं."

त्यांनी दोन हातगाड्या जवळ जवळ लावल्या. मधून एकच पोर जाईल एवढी फट ठेवली. फटीच्या तोंडाशी साहेब, पलीकडं चाची. आणि एकेक पोर निघालं. "एक... दोन... तीन..." साहेबांबरोबर भाजीवाल्या मोजायला लागल्या, मग गिऱ्हाइकं. तागड्या थांबल्या, सगळा बाजार मोजतोय! वीस झाली, एकवीस, बावीस. तेविसावा सोपान. चोविसावा ज्ञानू, मुठी अजून भरलेल्याच.

आणि फट रिकामी.

मी अलीकडं बघितलं, पलीकडं बघितलं. रजिस्टर उघडलं तर एक अक्षर लागेना. कोण राहिलं, कुठं राहिलं, काही सुचेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही रडकी बाई नाही. द्रुपदा तागडी हातात धरून तशीच उभी होती.

"चोवीस," साहेब म्हणाले. आवाज पडलेला होता. "बाई, मलाही बरं वाटत नाही. पण चोवीसच आहेत." आणि त्यांनी मोकळ्या हातानं खिशातलं पेन काढलं.

आबा तंबाखू मळत होते. मळून झाली, चिमूट तोंडात टाकली, हात झटकले. मग म्हणाले, "सायेब, काखेतलं कोकरू आमी शेवटाला धरतो. तुमी धरलं का?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्या बाजारानं साहेबांकडं बघितलं, आणि एकच आरोळी उठली, "पंचवीस!"

साहेबांनी मान वळवून आपल्या खांद्यावर बघितलं. मग पेनाचा हात ओठांवर धरून ते सगळ्या बाजाराला म्हणाले, "हळू! झोपलीय ती."